मले चक्कर येते

आमच्या पटांगणावर ‘चक्कर’ हा शब्द बंद आहे. आजही. तिथं स्केटिंग शिकायला येणारी लहान मुलं एका जागी गरगर फिरण्याला ‘भिंगरी’ म्हणतात, आणि असं का म्हणायचं ते त्यांना ठाऊक नाही. तो शब्द माझ्यामुळे बंद झाला. तेव्हा मी सातवीत होते आणि एका पावसाळ्यात मरता मरता वाचले.

मी आता गोंडपिपरीला शाळेत शिकवते. दर पावसाळ्यात कुणाची ना कुणाची आई मला गाठतेच. “मॅडम, तुमाले झाला होता ना तो डोक्यातला मलेरिया? मंग तुमी बऱ्या कशा झाल्या?” मी सांगायला लागते, तोवर घंटा होते आणि गोष्ट अर्धीच राहते. म्हणून एकदाची लिहून टाकते आहे. औषधाचं डॉक्टरला विचारा. माझ्यावर आणि माझ्या माणसांवर काय बेतलं, तेवढंच मी सांगणार.

बगळा, बेडूक आणि चक्कर

आम्ही मूल गावचे. माझे बाबा एसटीत कंडक्टर, आई अंगणवाडीत. आमच्या शाळेतले पीटीचे गेडाम सर एकदा नागपूरला कसल्याशा शिबिराला गेले, तिथं त्यांनी चाकांच्या बुटांवर नाचल्यासारखं स्केटिंग करणाऱ्या मुली पाहिल्या आणि येडेच होऊन परत आले. हा खेळ मुळात बर्फावरचा, असं ते सांगायचे. बर्फ आम्ही गोळेवाल्याच्या गाडीवर सोडून कुठं पाहिलेला नव्हता. पण चाकं होती, आणि गावात राईस मिल होत्या. त्यातल्या एका मिलच्या मालकानं धान वाळवायचं सिमेंटचं पटांगण आम्हाला सकाळी वापरायला दिलं.

सुरुवातीला पंधरा-वीस पोरं होती. धानाचा एक दाणा चाकाखाली आला की माणूस तोंडघशी पडतो, त्यामुळे आधी अख्खं पटांगण झाडायला लागायचं. झाडूला कंटाळून एकेक जण गळाला. शेवटी खऱ्या अर्थानं उरलो दोघी, मी आणि नाझनीन. तिच्या अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. आमच्या बुटांची चाकं तेच बसवायचे, तेच तेल घालायचे, आणि दोघींच्या चाकांना सारखंच तेल घातलंय याची नाझनीन माझ्यासमोर खात्री करून घ्यायची. आम्ही मैत्रिणी होतो आणि एकमेकींवर जळायचोही, दोन्ही मनापासून.

इंग्रजी नावं आमच्या जिभेवर टिकेनात, म्हणून सरांनी आपलीच नावं पाडली. एक पाय मागे उचलून तरंगत जायचं तो बगळा. एका पायावर खाली बसून सरकायचं तो बेडूक. एका जागी गरगर फिरायचं ती चक्कर. चुना आणि दोरी घेऊन ते पटांगणावर दोन वर्तुळं जोडून मोठा आठ काढायचे. एका पायावर रेष न सोडता तो आठ पुरा करायचा, हा आमचा रोजचा पाढा.

तोल मात्र मी बाबांकडून शिकले. धावत्या बसमध्ये काहीही न धरता तिकिटं फाडायची म्हणजे सोपं काम नाही. “तोल पायात नसते, पोरी. गुडघ्यात असते. गुडघा नरम ठेवला का गाडी कितीई हालू दे,” असं ते म्हणायचे. सुट्टीत ते मला गाडीत मधोमध उभी करायचे, आणि सावली गावाच्या वळणावर मी पडले नाही की शीळ घालायचे.

दिवाळीनंतर नागपूरला स्पर्धा होती. आमचा गट नवशिक्यांचा. आम्हा दोघींची नावं सरांनी पाठवली होती आणि भेटेल त्याला ते सांगत सुटले होते.

“आली का तुले चक्कर?”

त्या पावसाळ्यात सरांचा एकच प्रश्न असायचा. फाटकातून आत पाऊल टाकलं की सुरू.

“काय वं, आली का तुले चक्कर?”

“नाई सर, अजून नाई आली.”

“नाझनीनले आली. तुले काऊन येऊन नाई राह्यली?”

रस्त्यानं जाणारा माणूस हे ऐकून थबकायचा. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पोहता येतं, गाता येतं, तशी चक्कर येते किंवा येत नाही.

पोळ्याला आईनं मला तिच्या माहेरी पाठवलं, धानोऱ्याकडे, मामाच्या गावी. माझी जायची इच्छा नव्हती, सराव बुडत होता. “भाऊ किती आठवण काढून राह्यला, आन तुले चाकाचं पडलं,” असं म्हणून तिनं मला बसमध्ये बसवलंच. मजा आली, खोटं कशाला बोलू. बैलांच्या शिंगांना रंग लावला, मामीच्या हातच्या पुरणपोळ्या खाल्ल्या, रात्री पोराटोरांत सपरीत, म्हणजे बाहेरच्या पडवीत झोपले. मच्छरदाणी कुणाच्याच घरी नव्हती. डास चावले, आम्ही खाजवलं आणि विसरलो.

परत येऊन आठ-दहा दिवस झाले असतील. सकाळी पटांगण झाडतानाच मला कसंतरी होत होतं. बूट घातले, उभी राहिले, तर चुन्याचा आठ पाण्यात पडल्यासारखा हलायला लागला. मी म्हटलं, “सर, मले चक्कर येते.”

सरांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. “आली? वा रे माह्यी वाघीण! दाखव!”

तुम्ही म्हणाल, पोरीला तोंड नव्हतं का? तोंड भरपूर होतं, पण मला वाटलं, सरांना कळलंय आणि तरीही ते करायला सांगताहेत. खेळाडूनं थोडं सोसायचं असतं, हे त्यांचंच वाक्य. मी दोन्ही हात पसरले, फिरले, आणि सपाटून पडले.

“येते ना? मंग सोडू नको आता. अजून एकडाव!”

मी पुन्हा उठले, पुन्हा फिरले, पुन्हा पडले, आणि तिथंच ओकले. नाझनीन ओरडली, “सर, उसको सच्ची का चक्कर आ रहा है!” तेव्हा सरांनी माझ्या कपाळाला हात लावला. कपाळ तव्यासारखं तापलं होतं.

बूट काढायचंही त्यांना सुचलं नाही. त्यांनी मला तशीच उचलली आणि आमच्या घरापर्यंत पळत आले. आईनं दार उघडलं, तर मान टाकलेली लेक सरांच्या हातांवर, आणि पायांतली चाकं अजून फिरताहेत. हे चित्र तिच्या डोळ्यांतून पुढे कितीतरी महिने गेलं नाही.

गाडी कुठंच थांबली नाही

गावातल्या डॉक्टरांनी आधी साध्या तापाच्या गोळ्या दिल्या. ताप उतरायचा, पुन्हा हुडहुडी भरून चढायचा. शेजारपाजारच्यांनी नजर काढली. दुसऱ्या की तिसऱ्या सकाळी मी आईला ओळखेना. ‘धान काढा, धान काढा, चाकाखाली येते,’ असं बडबडत होते म्हणे, आणि मग बडबडही थांबली. इथून पुढचं मला आठवत नाही. सगळं ऐकीव आहे.

बाबांनी मला खांद्यावर टाकून बसस्टँड गाठलं. गडचिरोलीची गाडी लागलेली होती. त्यांचेच सोबती ड्रायव्हर होते. बाबांनी फक्त एवढंच म्हटलं, “भाऊ, पोरगी जाऊन राह्यली माह्यी.” त्या माणसानं गाडी काढली ती दवाखान्याच्या फाटकात नेऊनच उभी केली. सावलीचे, व्याहाडचे लोक आत बसलेले होते. आपापलं गाव मागे गेलं तरी एकानंही घंटीची दोरी ओढली नाही. एक म्हातारबाबा म्हणाले म्हणे, “आमी परतीच्या गाडीनं येऊन जाऊ. तू चालव बापा.” ते कोण होते हे आम्हाला कधीच कळलं नाही. सावलीवरून जाताना आजही मी मनातल्या मनात हात जोडते.

दवाखान्यात बोट टोचून काचेच्या पट्टीवर रक्त घेतलं. पट्टी पाहून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, “मलेरिया आहे. मेंदूपर्यंत गेलाय. उशीर झालाय, पण फार नाही. आम्ही इथं रोज हेच पाहतो.” बाबांना ‘रोज हेच पाहतो’ एवढंच ऐकू आलं आणि त्यांना धीर आला. आईला ‘मेंदूपर्यंत’ एवढंच ऐकू आलं आणि ती मटकन खाली बसली. मग वॉर्डाच्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर, ती बाबांना म्हणाली, “तुमीच लावले चाकं माह्या पोरीच्या पायाले.”

त्यानंतर बरेच दिवस ती दोघं एकमेकांशी नीट बोललीच नाहीत. मला मध्ये ठेवून बोलायची. ‘तुह्या बाबाले सांग, चहा थंडा होऊन राह्यला.’ आणि मी तर बेशुद्ध.

कानातली राईस मिल

जागी झाले तेव्हा वर पंखा फिरत होता, आणि त्याच्याबरोबर छत, भिंती, खाट, सगळंच फिरत होतं. मी आईला म्हटलं, “मिल बंद कर ना.”

आई घाबरली. पोरीचं डोकं गेलं असंच तिला वाटलं. पण सलाईनमधून जे कोयनेल, म्हणजे क्विनाईन चाललं होतं, त्यानं माझ्या कानांत अखंड घरघर सुरू होती, अगदी मिलमध्ये उभं राहिल्यासारखी. नर्सबाई हसून म्हणाल्या, “मिल वाजून राह्यली म्हणजे औषध लागू पडून राह्यलं.” ज्यांच्या कानात आज ती मिल सुरू असेल त्यांना सांगते, ती बंद होते. औषध थांबल्यावर काही दिवसांनी एका सकाळी मला कावळा ऐकू आला आणि मी रडले.

दवाखान्यातले दिवस सारखेच जातात. पहाटे फिनाईलचा पोछा, मग थर्मामीटर, मग बाहेर आवारात तीन दगडांवर नातेवाइकांच्या चुली पेटायच्या आणि सगळ्या वॉर्डात भाताचा वास पसरायचा. माझ्या शेजारच्या खाटेवर जंगलातल्या गावाहून आलेल्या एका बाईचं बाळ होतं. तिची गोंडी आम्हाला कळत नव्हती, आमची मराठी तिला थोडी थोडी कळायची. तरी आई भात शिजवायला गेली की ती माझ्याकडे पाहायची, आणि ती खाली गेली की आई तिच्या बाळाकडे. ते बाळ आमच्या आधी बरं होऊन घरी गेलं. जाताना तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि काहीतरी बोलली. चांगलंच बोलली असणार.

खरी भीती त्यानंतर आली. ताप गेला, भूक लागली, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता उभी राहा. मी खाटेवरून उतरले आणि डावीकडे कोसळले. पुन्हा उभं केलं, पुन्हा डावीकडे. पेला धरायला गेले तर हात पेल्याच्या पलीकडे जायचा. बोलतानाही जीभ जड पडायची. आठाच्या रेषेवरून एका पायावर जाणारी मी, मला मोरीपर्यंत जाता येईना. त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून मी एकच विचार करत राहिले, आपण मेलो नाही हे खरं, पण आपण आता आपण उरलो का?

डॉक्टरीणबाई खाटेवर बसल्या. “तोल सांभाळणारा मेंदूचा भाग रुसलाय तुझा. बहुतेकांचा परत येतो. कधी येईल ते मी सांगणार नाही, कारण मला माहीत नाही.” एवढं सरळ मला कुणीच सांगितलं नव्हतं. मला ते आवडलं.

शब्द बदलून का होते?

मी घरी आले ती भिंत धरून. आईनं माझे चाकाचे बूट केव्हाच नाझनीनच्या अब्बांच्या दुकानात नेऊन दिले होते. घरात स्केटिंगचं नाव काढायची सोय नव्हती.

एका संध्याकाळी गेडाम सर आले. दारातच उभे राहिले. एरवी आमच्याकडे चहाशिवाय न जाणारा माणूस, त्या दिवशी आईनं फक्त पाण्याचा पेला पुढे केला.

“बाई, माह्यं चुकलं. पोरगी सांगून राह्यली होती, मले उमजलं नाई. तो शब्द मी बंद केला. आता भिंगरी म्हणतो.”

“शब्द बदलून का होते सर?” आई म्हणाली.

सर खाली मान घालून निघाले. तेव्हा बाबा बाहेर आले आणि मध्यस्थ न ठेवता थेट आईशी बोलले. “डॉक्टरीणबाईनं का सांगितलं होतं दवाखान्यात? चाकानं नाई, डासानं झालं. त्यायले काऊन बोलते?”

आईचा चेहरा एकदम पडला. ती तिथंच उंबऱ्यावर बसली. “मले मालूम हाय. डास माह्या भावाच्या घरचा होता. ते नाई जातो म्हणत होती, मीच धाडली तिले.” आणि ती रडायला लागली, हुंदके देऊन, सरांसमोर, शेजारणींसमोर. इतके दिवस ती चाकांवर रागावली होती, पण तो राग चाकांवरचा नव्हताच. मी भिंत सोडून तिच्याकडे जायला निघाले, अर्थातच डावीकडे कलंडले, आणि तिच्याच मांडीवर पडले. ती रडता रडता हसली. बाबांनी त्या दिवशी चहा केला, सरांनाही दिला. साखर दुप्पट पडली होती, पण सगळ्यांनी प्यायला.

धानातला आठ

दिवाळी झाली, नाझनीन एकटी नागपूरला गेली. ती परत येईपर्यंत मी देवाजवळ, खरं तर कुणाजवळ ते माहीत नाही, पण तिचा नंबर येऊ नये म्हणून मागत होते, आणि लगेच यावा म्हणूनही. तिचा नंबर आला नाही. ती सरळ माझ्या खाटेवर येऊन आदळली.

“तिथली जमीन इतकी चिकनी, यार, मी थांबलीच नाई! सीधी जाऊन पंचाच्या टेबलाले धडकली. एक दाणा नाई कुठी धानाचा. आदत नाई ना आपल्याले.”

दवाखान्यातून आल्यावर मी पहिल्यांदा पोट धरून हसले ते तेव्हा. मग ती म्हणाली, “चल, उठ.”

“कुठी?”

“आठ करायले. बिना चाकाचा.”

सरळ रेषेवरून चालायला डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं, त्यामुळे आईला नाही म्हणता आलं नाही. पण पटांगणावर तेव्हा उसन्या धानाचा हंगाम सुरू झाला होता, उकडलेल्या धानाचा वाफाळता थर सगळीकडे पसरलेला. मिलमधल्या बायांना सरांनी काय सांगितलं कोण जाणे, त्यांनी मधोमध चुन्याच्या आठाएवढी वाट मोकळी ठेवली. चहूकडे पिवळं धान आणि मध्ये सिमेंटचा आठ. नाझनीन पुढे, तिच्या ओढणीचं टोक माझ्या मुठीत, आणि मी मागे.

मी किती वेळा धानात पडले त्याची मोजदाद नाही. धानात पडलं तर लागत नाही, हा त्यातला फायदा. “गिरेगी तो उठेगी, और क्या,” नाझनीन म्हणायची. धान वाळावं म्हणून मिलमधल्या बाया पायांनी ते खालीवर करत ओळीनं चालायच्या. एक दिवस त्यांनी मलाही ओळीत घेतलं. अनवाणी पाय धानातून ओढत चालायचं. तळव्याला दाणे टोचायचे, आणि कितीतरी दिवसांनी मला माझा पाय कुठं आहे ते नीट कळलं. गुडघा नरम ठेव, मी स्वतःला सांगत होते. हंगाम संपेपर्यंत ओढणी मुठीतून कधी सुटली, मला समजलंही नाही.

आजारातून उठणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. पावसाळ्यात ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा, नजर नंतर काढा. पोर ‘चक्कर येते’ म्हणालं तर कुठली चक्कर ते विचारा. आणि बरं व्हायला वेळ लागला तर घरच्यांनी एकमेकांवर घसरू नये. आमचे ते दिवस फुकट गेले.

अजून एकडाव

उन्हाळा लागला तसं पटांगण मोकळं झालं. एका सकाळी नाझनीनच्या अब्बांनी माझे बूट आणून दिले. आईला विचारूनच. नवी चाकं होती, तेल घातलेली. आई म्हणाली, “मी येतो संग. मी सामोर बसून पायतो.”

ती आली, बारदान्यावर बसली, पदराचं टोक दातांत धरून. पहिले काही दिवस मी नुसतीच चालले, मग सरकले, मग आठ, मग डुगडुगता बगळा. आई रोज यायची आणि रोज पदर चावायची. भिंगरीचं नाव मात्र कुणी काढत नव्हतं. सर तर नाहीच नाही.

एके दिवशी सर बादलीत चुना कालवत होते, नाझनीन झाडत होती. मी पटांगणाच्या मध्ये गेले. हात पसरून जरा फिरून पाहिलं. जमिनीनं दगा दिला नाही. पुन्हा फिरले, जास्त वेगानं. सिमेंट, मिलची चिमणी, आईची निळी साडी, सगळं माझ्याभोवती फिरलं आणि मी थांबल्यावर सगळं जागच्या जागी थांबलं. डावीकडे काहीच कलंडलं नाही. माझ्या छातीत असं काही भरून आलं की मला राहवेना. मी मोठ्यानं ओरडले,

“सर! मले चक्कर येते!”

सरांच्या हातातली बादली पडली. चुना सांडला, आणि ते माझ्याकडे पळत सुटले. आई “अवं माय!” म्हणून अर्धी उठली. नाझनीन मात्र झाडू टाकून टाळ्या वाजवायला लागली, कारण तिला एकटीलाच कळलं होतं. मी हात पसरले आणि फिरले. हात छातीशी घेतले तशी आणखी जोरात फिरले. आणि थांबले, दोन पायांवर, गुडघे नरम ठेवून.

सर मध्येच उभे राहिले होते, चुन्यानं पांढरे झालेले, आणि लहान मुलासारखे रडत होते. पुढच्या वर्षी आम्ही दोघी नागपूरला गेलो. नंबर दोघींचाही आला नाही, आणि त्याचं मला फारसं काही वाटलं नाही.

कारण त्या सकाळी आई बारदान्यापाशी तशीच उभी होती. पदर दातांतून सुटलेला. मला वाटलं, ती आता रागावेल, बूट काढ म्हणेल. पण ती डोळे पुसत म्हणाली,

“अजून एकडाव कर वं. मी डोये मिटले होते.”